डोळ्याचं पांढरं

तर डबी उघडली, कापूस बाजूला सारला आणि वहिनीनं तो डोळा तळहातावर घेतला, इथवर आपण काल आलो होतो, आणि नेमकी जेवायला हाक आली. बरंच झालं म्हणा. ही गोष्ट भरल्या पोटीच ऐकावी, कारण हिच्यात दमलेली माणसं फार.

काल जे बसले नव्हते त्यांना कळावं म्हणून सांगायचं, तर डोळा खोटा होता. अ‍ॅक्रिलिकचा, हातानं रंगवलेला, कवडीसारखा हलका. वहिनीचा डावा डोळा काचबिंदूनं गेला. नुसता गेला असता तर ती बोलली नसती, पण दुखायचा इतका, की शेवटी डॉक्टरांनी तो काढूनच टाकला. त्या रिकाम्या खोबणीत बसवायला हा नवा आला होता आणि तो घेऊन आला होता तिचा दीर, ज्याला सगळे हलूनका म्हणतात.

वहिनी आरशापुढे गेली. दवाखान्यात शिकवलं होतं तशी वरची पापणी उचलून डोळा आत सरकवला, पापणी सोडली, उघडझाप केली आणि बघत राहिली. हलूनका मागे उभा. खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी तशीच, बसच्या प्रवासानं कंबर धरलेली. तिनं पुष्कळ वेळ बघितलं, मग डोळा काढला, कापसात ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

"भावजी, डोळा देखणा आहे," ती म्हणाली. "पण माझा नाही. कुणा तरुण पोरीचा चुकून आलाय. परत नेऊन द्या, ती बिचारी खोळंबली असेल."

आता हलूनका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ऐन उमेदीत त्याचं पासपोर्ट फोटोंचं दुकान होतं, आणि स्टुलावर माणूस टेकला रे टेकला की हा कॅमेऱ्यामागून म्हणायचा, हलू नका. माणूस हललेला नसला तरी म्हणायचा. एकदा म्हणे एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचा फोटो काढायचा होता, तर कपाटालाही म्हणाला. तेव्हापासून जे चिकटलं ते चिकटलं, आणि खरं नाव कागदोपत्री उरलं.

त्या दुकानात त्यानं गिऱ्हाइकांसाठी एक पांढरा शर्ट ठेवला होता. ज्याच्या अंगात भडक कपडे असतील त्यानं तो चढवायचा, फोटो काढून घ्यायचा आणि शर्ट पुढच्याला द्यायचा. अर्धं गाव सरकारदरबारी त्या एका शर्टात आहे. आता गंमत बघा. उजेडाला रंग असतो. बल्बचा पिवळा, ट्यूबचा हिरवट, सावलीतला निळसर. आपलं डोकं तो रंग आपल्या नकळत पुसून टाकतं, म्हणून कागद आपल्याला कुठेही नेला तरी पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला तेवढं डोकं नसतं. त्याला बोट धरून दाखवावं लागतं, की बाबा रे, हे इथे आहे ते पांढरं, बाकीचं यावरून समजून घे. त्या धंद्यातले लोक याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. हलूनका म्हणायचा, पांढरं दाखवणं.

तर हा कॉम्प्युटरवर फोटो उघडायचा आणि त्या शर्टाच्या कॉलरवर पांढरं दाखवायचा. शर्ट धुतला जायचा, नाही असं नाही, पण इतक्या मानांचा घाम, तो काय साबणाला बधतो? कॉलर हळूहळू पिवळी पडली. आणि पिवळ्याला पांढरं म्हणून दाखवलं की कॅमेरा इमानदार; तो सगळ्या चित्रातून तेवढं पिवळं उपसून काढतो आणि मागे उरतं निळं. गावातली माणसं वर्षागणिक निळी पडत गेली आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी अर्ज तपासणाऱ्या एका साहेबानं कुणाला तरी विचारलं, तुमच्याकडे थंडी फार असते का हो?

ही चूक पकडली ती वहिनीनंच. दुकानात आली, कॉलर चिमटीत धरली आणि त्याच्या नाकासमोर नाचवली. तिला तो अधिकार होता. हलूनकाची आई तो चड्डीत असतानाच गेली, थोरल्या भावाचं लग्न त्याच वर्षी झालं, आणि नवी नवरी घरात आली ती या पोराची आई होऊनच. पण नात्यानं दीर, म्हणून ती त्याला भावजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची. शेंबूड पुसतानाही म्हणायची, "भावजी, नाक इकडे करा." तो मात्र तिला अगं-तूगं करायचा, आईला करतात तसं. पुढे थोरला भाऊ गेला तरी दोघांचं हे उलटं-सुलटं बोलणं काही बदललं नाही. फक्त फार चिडली की वहिनी अहो सोडून अरेवर यायची. मग घरातली मांजरसुद्धा बाहेर जाऊन बसायची.

पासपोर्टचं दुकान मोबाईलनं खाल्लं. जो तो आपला फोटो आपणच काढायला लागला. हलू नका म्हणायला समोर कुणी उरलं नाही. मग फिरत फिरत तो खोटे डोळे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणायचं, पण होत्या तीन खोल्या. पहिलीत खोबणीच्या मापावरून कवच घडवायचं, दुसरीत रंगवायचं, आणि तिसरीत हलूनकानं माणसांच्या चांगल्या डोळ्याचे फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुढे जोडीचा दुसरा करायला उपयोगी. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघायचं काम. अपघातातले, आजारातले, जन्मापासूनचे. समोरचा माणूस एका डोळ्यानं कॅमेऱ्याकडे बघतो ते बघणं साधं नसतं हो. त्यात सगळं असतं. संध्याकाळी हलूनका घरी जायचा तेव्हा पाय नाही, पाठ नाही, त्याचे डोळे शिणलेले असायचे, आणि बायकोनं काही दाखवलं तर म्हणायचा, उद्या बघतो.

दुसऱ्या खोलीत रंगारीणबाई. मोठ्या खिडकीपाशी टेबल, हातात केसाएवढा कुंचला. डोळ्यातल्या लाल शिरा ती रंगानं काढत नसे. लाल रेशमाचे तंतू सुईच्या टोकानं उकलून एकेक चिकटवत असे. बाई हाताची जितकी नाजूक तितकीच जिभेची तिखट. तिची रीत अशी, की ज्याचा डोळा त्यानं समोर खिडकीत बसायचं, आणि ती बघून रंगवणार. फोटोवरून करायची वेळ आली की ती नाक मुरडायची.

वहिनीच्या बाबतीत तीच वेळ आली होती. माप द्यायला ती दवाखान्यात गेली ती पट्टी बांधून, आणि पडद्याआड देऊन आली. पण कारखान्यात यायला साफ नकार. परक्या बाईपुढे भर उजेडात खोबण उघडी टाकून बसू का, म्हणाली. काढायचा तर घरी येऊन फोटो काढा.

आणि घरी म्हणजे कुठे, तर आतल्या खोलीत. तेही सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

वहिनीचं शाळेच्या फाटकासमोर वह्या-पेन्सिलींचं दुकान. भाऊ गेल्यावर त्या दुकानानंच तिला उभं ठेवलं. कोण पेन्सिल चावतं, कोण खोडरबर हरवतं, कुणाला वडिलांनी नवी वही घेऊन दिलेली नाही, सगळं तिला पाठ. डोळा काढल्यावर पट्टी लावून ती परत दुकानात बसली होती. एके दिवशी पहिलीतल्या एका मुलीनं विचारलं, आजी, तुमचा डोळा कुठे गेला? वहिनी म्हणाली, हरवला गं, शोधतेय. दुसऱ्या दिवशी मुलगी आली, मूठ उघडली आणि काउंटरवर एक गोटी ठेवली. हिरवी, आत पीळ असलेली. म्हणाली, ही चालेल का बघा. घरात हीच सगळ्यात चांगली होती.

वहिनी हसली. तिला एक खोडरबर दिला, गोटी परत दिली, नीट जा म्हणाली. दुपारी दुकान बंद केलं ते बंदच. पोरीनं चिडवलं असतं तर वहिनीनं चार शब्द सुनावले असते आणि चहा प्यायली असती. पण मायेनं पुढे केलेल्या गोटीला काय सुनावणार?

तेव्हापासून ती आतल्या खोलीत. खिडक्या लावलेल्या, दिवसाही एक पिवळा बल्ब चालू. शेजारीण आली तर अंगावर काम ओढून घ्यायची, मान वर करायची नाही. डोळा जमला तर दुकान उघडणार होतं. नाही जमला तर ही खोली आणि हा बल्ब. हलूनकाला हे कुणी सांगायला नको होतं. मागच्या खेपेला तो आला तेव्हा बघितलं होतं, की वहिनी एकटीच बसून दुकानातल्या जुन्या पेन्सिलींना टोकं करत होती. कुणासाठी, तर कुणासाठीच नाही.

म्हणून डबी बंद झाली तेव्हा तो तिथे थांबलाच नाही. डबी खिशात घातली, परतीची बस पकडली आणि सगळ्या रस्ताभर मनातल्या मनात रंगारीणबाईशी भांडत आला.

दुसऱ्या दिवशी समोरासमोर भांडला. बाई, म्हणाला, पासष्टीच्या बाईला तुम्ही सोळा वर्षांचा डोळा दिलात. बाईनं कुंचला धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मग त्यानंच काढलेला फोटो ड्रॉवरमधून घेऊन टेबलावर पसरला आणि त्यावर तो डोळा ठेवला. जुळ्या भावंडांसारखे दिसत होते दोघं. तेच पांढरंशुभ्र, तेच राखेची झाक असलेलं तपकिरी बुबुळ.

"हा तुमचा फोटो, हा माझा डोळा," बाई म्हणाली. "आता सांगा, खोटं कोण बोलतंय?"

हलूनका आपल्या खोलीत गेला आणि मूळ फोटो उघडून बसला. तो फोटो काढला त्या दिवशी तो आधीच थकलेला होता, दिवसभर कारखान्यात उभा राहून नंतर बसनं गेलेला. रंग पारखायचा राखाडी पुठ्ठा ड्रॉवरमध्येच राहिला होता. म्हटलं, बघू, काहीतरी पांढरं सापडेलच. आणि मग कॉम्प्युटरवर पांढरं दाखवायची वेळ आली तेव्हा चित्रात काय होतं? कॉलर नाही, कागद नाही, भिंत पिवळट, उशी फुलाफुलांची. पांढरं म्हणावं अशी एकच गोष्ट होती आणि तिचं तर नावच पांढरं. डोळ्याचं बुबुळ, डोळ्यातली बाहुली आणि भोवतालचं डोळ्याचं पांढरं. आपण सगळे तेच म्हणतो. यानं शब्दावर विश्वास ठेवला आणि तिथे टिचकी मारली.

आता वहिनीचं पांढरं कुठलं पांढरं असायला? सगळं आयुष्य गेलं, ते जुन्या वहीच्या पानासारखं पिवळट झालं होतं, कोपऱ्यात तपकिरी ठिपका, शिरा दिसणाऱ्या. त्याला पांढरं म्हटल्यावर कॅमेऱ्यानं आपलं इमान राखलं. वहिनीच्या डोळ्यातलं सगळं वय उपसून बाहेर टाकलं. डोळ्यात बाहुली असते, इथे बाहुलीचाच डोळा तयार झाला.

डोळे पांढरे होणं म्हणजे काय, ते हलूनकाला त्या दिवशी दोन्ही अर्थांनी कळलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. इथे कॉलरवर ठेचाळलेला पुढचाही हाच, मागचाही हाच, आणि शहाणा कुणीच नाही.

बाईला जाऊन सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, तिनं ओळखलंच होतं. "नाव पांढरं म्हणून ते पांढरं असतं होय?" ती म्हणाली. "माझ्या नणंदेला घरात साखर म्हणतात. या एकदा, बोलून बघा तिच्याशी." मग जरा निवळली आणि तयार कवचांचा खण उघडून दाखवला. तान्ह्या मुलाचं पांढरं निळसर, जागरणवाल्याचं गुलाबी, म्हाताऱ्याचं सायीसारखं. सगळ्या खणात पांढरं असं एक नव्हतं. नवा फोटो आणा, म्हणाली, पण खिडकीच्या उजेडातला आणा. बल्बखालचा आणलात तर मी हातही लावणार नाही.

यात तिचा हेका नव्हता. बल्बच्या उजेडात निळं जवळजवळ नसतंच. पुठ्ठा धरून कितीही पांढरं दाखवलं तरी जे उजेडातच नाही ते फोटोत कुठून यायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तपकिरीचे बारीक भेद, बुबुळाच्या कडेची ती निळी-करडी रेघ जी म्हातारपणी येते, हे सगळं त्या पिवळ्यात बुडून जातं.

सुट्टीच्या दिवशी हलूनका परत गेला. या खेपेला पुठ्ठा आधी पिशवीत टाकला आणि मग बूट घातले. त्या पुठ्ठ्याचा गुण असा, की राखाडी रंग कुणाच्या अध्यात ना मध्यात. ना पिवळ्याकडे झुकलेला, ना निळ्याकडे. त्याला साक्षीला धरलं की कॅमेरा फसत नाही.

पण पुठ्ठ्याचं पुढचं. आधी वहिनी उजेडात यायला हवी. हलूनकानं चूक कबूल केली, पांढऱ्याची सगळी हकीकत सांगितली. वहिनीला हसू आलं. म्हणजे माझं म्हातारपण कॅमेऱ्यानं खाल्लं म्हणायचं, म्हणाली, सगळंच खाल्लं असतं तर बरं झालं असतं. इथवर ठीक होतं. मग तो म्हणाला, आता पाच मिनिटं दारात चल. आणि तिचा चेहरा मिटला.

"डोळा नसताना दारात येऊ? डोळा आणा, मग येते."

"दारात आल्याशिवाय डोळा होत नाही, वहिनी."

"मग बसा."

आणि दोघं बसली. फ्लॅश मारून बघू का, त्यानं विचारलं. तो तर त्याहून नको. मागे एकदा मारला तेव्हा तिच्या उरलेल्या डोळ्याला तासभर पाणी येत होतं. एकच उरलाय भावजी, तो तरी जाळू नका. खिडकीची एक फळी उघडू का? समोरची शेजारीण बघते. पडदा अर्धा? अर्ध्यातूनही बघते, तिला कामच काय. तो काही बोलला की ती त्यावर उत्तर घेऊन तयार, आणि प्रत्येक उत्तर खरं. चहा झाला. परत चहा झाला. हलूनका कॉटच्या कडेला टेकला, मग जरा कलंडला, आणि बोलता बोलता त्याचा डोळा लागला. आठवडाभराचा शीण, बसचा खडखडाट, भर दुपार. तोंड उघडं टाकून घोरायला लागला, वरून शर्ट असा ओढला गेला की छातीवरचं बटण दोऱ्याला लोंबकळायला लागलं.

जाग आली तेव्हा अंगात शर्ट नव्हता, वर चादर होती. खोलीत वहिनी नव्हती. मागच्या स्वयंपाकघरातून उजेड येत होता. खरा, दिवसाचा.

तो तसाच बनियनवर उठून दारापर्यंत गेला. मागची खिडकी उघडी होती, दोन्ही फळ्या. समोर शेजारच्या घराची आंधळी भिंत, पोपटी रंगाची, तिथून बघायला कुणी नव्हतं. खिडकीत वहिनी बसली होती, मांडीवर त्याचा शर्ट. सुईत दोरा ओवत होती. एका डोळ्यानं सुई किती लांब आणि दोरा किती जवळ हे कळत नाही; दोरा कधी नेढ्याच्या अलीकडून जायचा, कधी पलीकडून. ती परत ओठांनी टोक ओलं करायची, परत धरायची. बल्बखाली जमलं नसेल, म्हणून इथे येऊन बसली असणार. पट्टी काढून बाजूला ठेवलेली. सगळा चेहरा उजेडात. किती महिन्यांनी हलूनका तिला उजेडात बघत होता. ती म्हातारी झाली होती. हे त्याला ठाऊक होतं, पण बघितलं नव्हतं.

त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला, पुठ्ठा काढला, आणि सवय मेली तरी जात नाही, तोंडातून निघून गेलं, हलू नका.

वहिनी दचकली. हात पट्टीकडे गेला, मग थांबला. दोरा तोपर्यंत नेढ्यात गेला होता, आणि तो निसटू द्यायचा नव्हता.

"मला अहो म्हणायला लागलास काय रे?" ती म्हणाली. अरेवर आली होती, पण मांजर जागची हलली नाही. "काढ लवकर. सुई हातात आहे माझ्या."

त्यानं पुठ्ठा तिच्या गालाशी धरला. गार आहे, ती कुरकुरली. त्यानं एक फोटो पुठ्ठ्यासकट काढला, मग पुठ्ठा बाजूला करून बाकीचे. समोरच्या भिंतीचा पोपटी रंग तिच्या गालावर उतरला होता. साध्या नजरेला कळत नव्हता, पुठ्ठ्यानं पकडून दिला. मग वहिनीनं बटण लावलं, दोरा दातानं तोडला, खिडकी लावून घेतली आणि शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

रंगारीणबाईला नवा फोटो पसंत पडला. नाक मुरडलं नाही, म्हणजे पसंतच. कवच सायीच्या रंगाचं घेतलं, कोपऱ्यात ठिपका दिला, लाल रेशमाचे तंतू जास्त लावले, बुबुळाच्या कडेला ती करडी रेघ धूर सोडल्यासारखी ओढली. मग एके दिवशी दुपारी हलूनकाला हाक मारली आणि रंगाच्या नमुन्याचे दोन तुकडे दाखवले. दोन्हींवर तपकिरी रंग. खिडकीत धरले तर एक फोटोशी तंतोतंत जुळत होता, दुसरा जरा काळपट. मग बाईनं ते फोटोसकट टेबलाखालच्या बल्बपाशी नेले. जुळणारा होता तो लालसर दिसायला लागला आणि काळपट होता तो बरोबर बसला.

बाई म्हणाली, रंगांची ही खोड आहे. एका उजेडात गळ्यात गळा, दुसऱ्या उजेडात तोंडं फिरवतात. देवानं केलेला डोळा आणि माणसानं केलेला रंग दोन्ही उजेडांत जुळवायचा तर जन्म जाईल, आणि तरी शाश्वती नाही. "कुठल्या उजेडातला करू ते सांगा. एकच."

हलूनका स्टुलावर बसला. डोळा पहिल्यांदा लावून ती कुठे बघणार हे त्याला माहीत होतं. त्याच खोलीत, त्याच आरशात, त्याच बल्बखाली. बल्बचा करून घेतला तर तिथेच पसंत पडेल, वहिनीच्या चेहऱ्यावर हसू येईल. पण मग दुकानाच्या दारात, जिथे पोरं मान वर करून बघणार, तिथे एक डोळा एका रंगाचा, एक दुसऱ्या. ती परत आत जाईल, आणि या खेपेला डोळा असून आत जाईल. आणि उजेडाचा करून घेतला तर आरशातच नाकारेल, दारापर्यंत जायचीच नाही. मागचा नाकारला तसा. त्यानं कपाळ चोळलं. शेवटी त्यानं खिडकीकडे बोट केलं.

डोळा तयार झाला. हलूनका परत त्या बसमध्ये, परत ती डबी खिशात. पोचला तेव्हा सकाळचे लोक कामाला निघाले होते, शाळा भरायची होती. वहिनी वाट बघत होती, पण वाट बघत नसल्यासारखी. डबी घेतली, आरशापुढे गेली, बल्ब लावला. पापणी उचलली, डोळा सरकवला, उघडझाप केली.

तो बरोबर बसला होता. वय बरोबर होतं, शिरा बरोबर होत्या, तो थकवासुद्धा बरोबर होता. फक्त बुबुळ लालसर दिसत होतं, चांगल्या डोळ्यापेक्षा वेगळं. वहिनीनं मान इकडे केली, तिकडे केली. बल्बच्या जवळ गेली, लांब आली. हात डोळ्याकडे न्यायला लागली, आणि हलूनकाला वाटलं, झालं, आता डबीचं झाकण लागणार. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

वहिनीचा हात थांबला. ती आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाली, "या डोळ्यात मी आहे, भावजी. पण रंग परत चुकलाय. मग हा बरोबर दिसतो तरी कुठे?"

हलूनका म्हणाला, "दुकानात. सकाळी दारातून तुझ्या खुर्चीवर ऊन येतं ना, त्या उजेडाचा मुद्दाम करून घेतलाय. या बल्बखाली तो कधीच जमणार नाही, आणि माझ्याच्यानं आता तिसऱ्यांदा होत नाही, वहिनी. तेव्हा ऊठ, चप्पल घाल."